जुन्या सिग्नलला रंग देण्याआधी: गोव्याच्या हवेत रेल्वेवस्तूंचे जतन

आपल्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असल्यास आपल्याला ती सुधारता येईल. सासष्टी तालुक्यातील काही निवृत्त आणि काही नोकरदार मंडळी मिळून आपण एका होऊ घातलेल्या छोट्या रेल्वे संग्रहालयासाठी स्वयंसेवक म्हणून काम करत आहात. मीटरगेजच्या काळातील एक सेमाफोर (खांबावर हलता हात असलेला) सिग्नल, सिग्नल आणि रूळ हलवणाऱ्या चार लिव्हरांची चौकट, एक नील टोकन यंत्र (एकेरी मार्गावर गाडीला परवान्यादाखल टोकन देणारे यंत्र), एक ढकलट्रॉली आणि प्रवासी डब्याचा एक सागवानी दरवाजा एवढ्या वस्तू आपल्या हाती आल्या असून त्या सध्या अंगणात निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ठेवलेल्या आहेत. पाऊस जेमतेम सहा आठवड्यांवर आला आहे. जवळच्या एका वर्कशॉपने सगळे लोखंडी भाग सँडब्लास्ट करून त्यांना एपॉक्सी रंग लावून देण्याचा दर कळवला आहे. हे काम पावसाआधी उरकून घ्यावे का, आणि कोणता रंग जास्त वर्षे टिकेल, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की पावसाआधी सँडब्लास्टिंगही करू नये आणि रंगही लावू नये. हाताशी असलेले सहा आठवडे आणि जमलेला पैसा छप्पर, जमिनीपासूनची उंची आणि नोंदी यांवर खर्च करावा. रंग कोणता, हा प्रश्न क्रमाने तिसरा येतो. त्याच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरे ठरावी लागतात. या वस्तूंवर आज जे काही शिल्लक आहे, त्यातले काय राखायचे आहे? आणि काम संपल्यावर दरवर्षी त्यांच्याकडे कोण पाहणार आहे? ही दोन उत्तरे ठरली की रंगाचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि वस्तू न पाहता मी त्यांच्याविषयी ठाम बोलणार नाही. वस्तू समुद्रापासून किती अंतरावर राहणार आहेत, सिग्नलचा खांब कायमचा उघड्यावर उभा करायचा आहे की छताखाली, ज्यांनी वस्तू दिल्या त्यांनी कोणत्या अटी घातल्या आहेत, आणि कोणता भाग बिडाचा, कोणता घडीव लोखंडाचा, कोणता पोलादाचा आहे, यांनुसार खालच्या काही सूचना बदलतील. मी आयुष्यभर फिटर म्हणून धातूकाम केले आणि आता फोंड्याला राहून संग्रहालयांसाठी जुन्या यंत्रांचे जतन करतो. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते कारखान्यातल्या आणि गोव्याच्या हवेतल्या अनुभवावर आधारलेले आहे.

या वस्तूंचे मोल कशात आहे, ते आधी पाहू. मुरगाव बंदरापासून कुळे, दूधसागर आणि ब्रागांझा घाट ओलांडून कॅसलरॉकपर्यंत जाणारी लोहमार्गाची वाट 1880च्या दशकात बांधली गेली. 1878च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे या कंपनीने ती मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये 1,000 मिलिमीटर अंतर ठेवून टाकली. पुढे तिचे चालन ब्रिटिश हिंदुस्थानातील कंपनीकडे गेले, डिसेंबर 1961मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती भारतीय रेल्वेत आली, आणि 1990च्या दशकात तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. रूपांतराच्या काळात जुने सिग्नल, लिव्हर आणि टोकन यंत्रे जिथे जिथे निघतात, तिथे त्यांतले बहुतेक लोखंड भंगारात जाते. त्यामुळे आपल्या अंगणात आहे तेवढे हाती लागणे हीच मोठी गोष्ट आहे. शिवाय अशी एखादी वस्तू एकाच मालकाच्या काळातली नसते. एकाच लिव्हरवर दोन-तीन प्रशासनांचे रंग, एखादी बदललेली पिन, स्थानिक लोहाराने घडवलेला एखादा दुवा असे सारे एकत्र असते. सँडब्लास्टिंगने दिवसभरात हे सगळे उडून जाते, आणि एकदा गेलेले परत आणता येत नाही.

रंगाच्या थरांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण स्वयंसेवक मंडळींना नेमके हेच पटवून देणे मला सर्वांत कठीण जाते. आपल्याकडे काही देवस्थानांत शेंदराची पुटे चढत चढत मूळ मूर्तीचे नाकडोळे दिसेनासे होतात आणि कवच निघाले की आतले घडीव रूप प्रकट होते. लिव्हरच्या किंवा टोकन यंत्राच्या रंगाचेही तसेच आहे, फरक एवढाच की इथे प्रत्येक पूटही जपण्याजोगे असते. एखाद्या झाकल्या राहणाऱ्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडावी आणि बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल, अगदी हलक्या हाताने घासावे. झाडाच्या खोडात वर्षांची वर्तुळे दिसतात तशी नव्हे, तर बशीच्या आकाराची उतरंड तयार होते आणि तिच्या कडांवर प्रत्येक थर वेगळा दिसतो. शेजारी मोजपट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात, सावलीत छायाचित्र काढावे आणि आयएस 5 या भारतीय रंगमानकाच्या कार्डाशी प्रत्येक थर ताडून क्रमांक लिहून ठेवावा. सिग्नलच्या हातावरचा लाल बहुधा 537 क्रमांकाच्या सिग्नल रेडच्या जवळ येईल, पण तसे गृहीत न धरता ताडूनच पाहावे. लिव्हरांच्या बाबतीत तर रंग हीच भाषा आहे: थांब्याच्या सिग्नलचा लिव्हर लाल, सांध्याचा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागेचा) काळा, सांध्याच्या कुलपाचा निळा आणि वापरात नसलेला पांढरा, अशी रीत होती. खालच्या थरात वेगळा रंग सापडला, तर त्या लिव्हरचे काम कधीतरी बदलले होते हे कळते. चारही लिव्हर एकसारखे लाल रंगवलेले मी संग्रहालयांत पाहिले आहेत, आणि ते पाहताना मला खरोखर वाईट वाटते. खालच्या एखाद्या थरावर पोर्तुगीज अक्षरे दिसू लागली तर तिथेच थांबावे आणि तो भाग मोकळा करण्याचे काम अक्षरे जपून काढता येणाऱ्या जाणकारावर सोपवावे.

या थरांचे दुसरे अंग आरोग्याचे आहे आणि तिथे तडजोड चालणार नाही. त्या काळच्या लोखंडी कामावर पहिला हात बहुधा शिशाच्या लाल प्राइमरचा असे, आणि वरचे पिवळे-लाल रंगही अनेकदा शिसे मिसळलेले असत. असा रंग कोरडा घासला किंवा ग्राइंडरने उडवला तर शिशाची धूळ श्वासात जाते, कपड्यांवर बसते आणि तीच धूळ घरी नातवंडांपर्यंत पोहोचते. गॅसच्या ज्योतीने रंग भाजून काढला तर वाफ त्याहून घातक ठरते. म्हणून घासायचे ते ओले घासावे, खाली जाड प्लास्टिक अंथरावे, निघालेले पोपडे बंद डब्यात भरून लेबल लावून ठेवावेत, साधा कापडी मास्क न वापरता सूक्ष्म कणांसाठीचा घट्ट बसणारा मास्क वापरावा, कामाचे कपडे जागेवरच ठेवावेत आणि हात-तोंड धुतल्याशिवाय चहाला हात लावू नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना त्या दिवशी आवारात येऊ देऊ नये. जे नियमितपणे हे काम करणार आहेत, त्यांनी रक्तातील शिशाची तपासणी करून घेतलेली बरी. नवीन रंग घेतानाही लक्ष असावे: 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दशलक्ष भागांत 90 भाग) झाली आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचूनच खरेदी करावी.

वर्कशॉपच्या प्रस्तावाविषयी माझी हरकत याच कारणांनी आहे. शिवाय कोरडी वाळू फवारली तर सिलिकाची धूळ उडते आणि तिने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो. ते काम करणारा कामगार आपल्यासाठी ते सोसणार असतो, हेही आपण विसरू नये. जोराच्या फवाऱ्याने बिडावरच्या उठावदार अक्षरांच्या कडा बोथट होतात, सिग्नलच्या हाताचा पातळ पत्रा लहरतो, आणि उघडे पडलेले लोखंड किनाऱ्याच्या हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होते. त्यावर एपॉक्सी चढवला म्हणजे तो गंज आतच कोंडला जातो. एपॉक्सी चांगला चिकटतो हे खरे. पण तो परत काढणे फार कठीण असते आणि उन्हात त्याच्यावर खडूसारखी पावडर धरते, म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा हात लागतोच. याला एक अपवाद मी मान्य करतो. सिग्नलचा खांब कायमचा उघड्यावर उभा करायचाच असेल, त्यावर जुना रंग जवळजवळ उरलेला नसेल आणि थरांची नोंद झालेली असेल, तर फक्त खांबाला कारखानी पद्धतीचे पूर्ण रंगकाम करून घेण्यास माझी हरकत नाही. हात, काचांची चौकट आणि दिवा मात्र वर्कशॉपमध्ये पाठवू नयेत.

आता गोव्याच्या हवेकडे येतो. इथे वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की कपाटातल्या चामड्यालाही बुरशी धरते. लोखंडाला पाण्यापेक्षा मीठ अधिक छळते. वास्को-मुरगावच्या बाजूने किंवा किनाऱ्यालगत राहिलेल्या वस्तूंच्या गंजाच्या खळग्यांत क्लोराइड बसलेले असते, आणि ते धुऊन काढल्याशिवाय वर कितीही उंची रंग लावला तरी काही महिन्यांत फोड येतात. याच कारणाने निळी ताडपत्री मला सर्वांत आधी काढून टाकावीशी वाटते. दिवसा तिच्याखाली जमिनीची वाफ जमते, रात्री तेच पाणी थेंबाथेंबाने लोखंडावर पडते, आणि वारा नसल्याने ते सुकत नाही.

तिच्याऐवजी चारही बाजूंनी मोकळी, वर मंगळुरी कौलांची किंवा पत्र्याची आणि पावळी लांब काढलेली साधी शेड उभारावी. पत्रा घातला तर सिमेंटचा जुना पत्रा वापरू नये, कारण त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, जोते करत असाल तर वर उतार दिलेला काँक्रीटचा थर घालावा. चिरा पाणी धरून ठेवतो आणि त्याला टेकलेले लोखंड खालून कुजते. प्रत्येक वस्तू निदान वीतभर उंच ठोकळ्यांवर असावी. ठोकळे म्हणून जुने लाकडी स्लीपर वापरण्याचा मोह होतो, पण त्यांना क्रिओसोट (लाकूड टिकवणारे डांबरी तेल) पाजलेले असते, म्हणून ते हाताळताना हातमोजे घालावेत आणि लहान मुले बसतील अशा जागी ते ठेवू नयेत. सिग्नलचा खांब नळीचा असेल तर त्याच्या तळाची पाणी निघण्याची भोके गाळाने बुजलेली नाहीत ना, हे तारेने तपासावे. असे खांब आतून कुजतात आणि बाहेरून शेवटपर्यंत धडधाकट दिसतात.

वाटेत एक कागदपत्री मुद्दा सांगतो. प्रत्येक वस्तूसाठी रेल्वेकडून किंवा लिलावातून रीतसर हस्तांतर झाल्याचा कागद संग्रहालयाच्या फाइलमध्ये असायला हवा. रुळांच्या कडेला पडलेला एखादा तुकडा हौसेने उचलून आणला तरी रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, 1966 लागू होऊ शकतो. स्वयंसेवकांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

गंज काढण्याच्या पद्धती अनेक आहेत. मी त्या सौम्य ते कडक या क्रमाने वापरतो. आधी गोड्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुणे, मग लगेच पुसून पंख्याच्या वाऱ्यावर सुकवणे. त्यानंतर सुटणारा गंज पितळी किंवा बारीक पोलादी तारेच्या हातब्रशने काढणे. ग्राइंडरवरचा फिरता ब्रश मी वस्तूवर वापरू देत नाही, कारण तो गंज काढण्याऐवजी तो चकाकवतो आणि वस्तूवर बारीक ओरखडे पाडतो. सुटे होणारे छोटे लोखंडी भाग, उदाहरणार्थ लिव्हरची कडी किंवा दुवे, यांच्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने गंज सोडवण्याची पद्धत उत्तम आहे: एका लिटरला सुमारे 10 ग्रॅम सोडा, 12 व्होल्टचा चार्जर, वस्तू ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्या जागी, ठिणगीपासून दूर करावे. पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि कडक स्प्रिंगा त्यात घालू नयेत. स्प्रिंग ठिसूळ होते आणि पुढे ताण आल्यावर तुटते. त्या पाण्यात रंगही सुटतो, तेव्हा रंग राखायचा असलेला भाग त्यात बुडवू नये. जिथे गंज पूर्ण काढणे शक्य नाही किंवा योग्य नाही, तिथे टॅनिक आम्ल लावावे. त्याने गंजाचे निळसर-काळ्या, स्थिर थरात रूपांतर होते. हिरड्यातही टॅनिन भरपूर असते आणि काही मंडळी त्याचा काढा वापरतात, पण प्रमाण सांभाळता येत नाही, म्हणून मी शुद्ध पूडच घेतो.

अडकलेले नट सोडवताना घाई करू नये. आधी जिरणारे तेल सोडून दोन-तीन दिवस थांबावे, मग नट प्रथम किंचित आवळून पाहावा आणि नंतरच सोडवावा. नट हलला नाही म्हणून लगेच गॅस लावण्याची कारखान्यातली सवय इथे सोडावी लागते, कारण त्याच्या आजूबाजूला शिशाचा रंग असतो. आणखी एक गोष्ट तरुण मेकॅनिकांना माहीत नसते: या काळातले आटे व्हिटवर्थ पद्धतीचे असतात, त्यांचा कोन 55 अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा 60 अंशांचा. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचाला 12 आटे असतात. त्यात 12 मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट जोर लावून बसवला तर मूळ आटे कायमचे जातात. व्हिटवर्थचे टॅप-डाय आणि आटे मोजण्याची पट्टी हा आपल्या गटाने करावयाचा पहिला खर्च असावा. जिथे नवा बोल्ट घालणे भागच असेल, तिथे त्याच्या टोकावर वर्षाचा छाप मारावा, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्याला जुने आणि नवे वेगळे ओळखता येईल. बिडाचा तडा साध्या वेल्डिंग रॉडने भरू नये. वेल्ड थंड होताना शेजारी नवा तडा जातो. बिडासाठी निकेलचा रॉड आणि सावकाश गरम-थंड करणारा हात लागतो, किंवा मग तडा तसाच ठेवून मागून आधार द्यावा.

सिग्नल हा आपल्या संग्रहातला सर्वांत बोलका भाग आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडा थांबतो. हात आडवा म्हणजे थांबा, आणि हात खाली पडला म्हणजे गाडीला वाट मोकळी. तार तुटली तर प्रतिभार, म्हणजे तोलासाठी लावलेले वजन, हाताला पुन्हा आडवा करतो, म्हणजे यंत्रणा बिघडली तरी ती धोक्याच्या बाजूने न जाता सुरक्षिततेच्या बाजूने जाते. हे वर्णन फलकावर लिहून कळत नाही. लिव्हर ओढल्यावर समोर हात पडताना पाहिला की लहान मुलालाही कळते. म्हणून माझा सल्ला असा की चार लिव्हरांपैकी एकच लिव्हर तारेने सिग्नलला जोडून चालता करावा आणि उरलेले तीन आहेत तसे, जुन्या रंगासकट राखावेत. चालत्या लिव्हरचे बुश आणि पिना नव्या घालाव्यात, मूळ पिना तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवाव्यात, आणि प्रतिभाराभोवती जाळी बसवावी. त्या वजनाखाली किंवा लिव्हरच्या खाचेत बोट सापडले तर इजा गंभीर होते. हात उतरवताना दोघांशिवाय काम करू नये, आणि वजन चेन-पुलीवर घेतल्याशिवाय पिन काढू नये.

सिग्नलच्या काचांबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. हिरव्या प्रकाशासाठीची काच हातात घेतली की ती निळसर दिसते, आणि कोणीतरी ती चुकीची समजून नवी हिरवी काच आणतो. दिवा रॉकेलचा असे, त्याची ज्योत पिवळी, आणि त्या पिवळ्या उजेडात निळसर काचेतूनच स्वच्छ हिरवा प्रकाश बाहेर पडे. ती काच मूळ आहे. तिला हात लावू नये. रात्री दाखवायचे असेल तर आत पिवळसर उजेडाचा कमी शक्तीचा एलईडी ठेवावा.

टोकन यंत्र उघडण्याआधी प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे आणि शक्यतो ते पूर्ण उघडूच नये. एकेरी मार्गावर दोन स्थानकांतली यंत्रे विजेने अशी बांधलेली असत की एका वेळी एकच गोळा, म्हणजे टोकन, बाहेर निघावा, आणि तो गोळा हाती असल्याशिवाय चालकाने पुढच्या टप्प्यात गाडी नेऊ नये. आतल्या तारांवर सुती वेष्टण असते, ते ओलाव्याने कुजलेले असते आणि हात लागताच झडते. संपर्कबिंदू पॉलिश पेपरने घासू नयेत, आत फवाऱ्याचे तेल मारू नये. मऊ ब्रश आणि हवेचा हातपंप एवढेच पुरे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसात दर पंधरवड्याला बदलाव्यात. यंत्रावरच्या पितळी पाट्या आणि गोळ्यावरची कोरीव अक्षरे यांबद्दल एक कळकळीची विनंती आहे. घरातली पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात म्हणून या पाट्यांना चिंच किंवा लिंबू लावू नये. आम्लाने पितळातले जस्त निघून जाते आणि पृष्ठभाग तांबूस पडतो, आणि खोबणीतला जुना काळा रंगही धुऊन जातो. ओल्या मऊ फडक्याने पुसून वर सूक्ष्मस्फटिकी (मायक्रोक्रिस्टलाइन) मेणाचा पातळ हात द्यावा. तेवढी चमक पुरेशी आहे.

ट्रॉलीचे काम सोपे आहे. ती ब्रॉडगेजच्या रुळांवर ठेवता यावी म्हणून तिची चाके सरकवू नयेत. 1,676 मिलिमीटरच्या रुळांवर ती ठेवण्यापेक्षा 1,000 मिलिमीटर अंतराने दोन छोटे रूळ टाकून त्यांवर उभी करावी. दरवाजाच्या बाबतीत मात्र सुतारमंडळींना आवरावे लागेल, कारण रंधा मारून पॉलिश करण्याची त्यांना घाई असते. सागवान उत्तम टिकते. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि पिळलेले फडके यांनी मळ निघतो. लाखेचे पॉलिश आपल्या दमट हवेत पांढरे पडते आणि कच्च्या जवसाच्या तेलावर बुरशी वाढते, म्हणून इथेही मेणच बरे. जवसाचे तेल वापरलेच तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवावीत. दरवाजा भिंतीला टेकवून ठेवला तर वाळवी भिंतीवरूनच चढते, तेव्हा मध्ये मोकळी जागा ठेवावी.

स्वयंसेवकांच्या संघटनेविषयी माझा अनुभव असा की उत्साह पहिल्या वर्षी असतो आणि तिसऱ्या वर्षी किल्ली कुणाकडे आहे तेही ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक वस्तूला एक पालक नेमावा. त्याने महिन्यातून एकदा ती पाहून वहीत दोन ओळी लिहाव्यात: नवा गंज कुठे, मेण कधी लावले, काय हलते आणि काय अडकते. नव्याने आलेल्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी ब्रश देण्याऐवजी कॅमेरा आणि वही द्यावी. वस्तू नीट न्याहाळणारा माणूस पुढे तिला इजा करत नाही. आणि सर्वांत निकडीचे काम म्हणजे जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना भेटणे. सावर्डे, कुळे, मडगाव, वास्को या भागांत मीटरगेजच्या काळात सिग्नलवर आणि स्थानकांत काम केलेली माणसे अजून असतील. लिव्हर ओढताना पाय कुठे टेकवायचा, पावसात तार ताणली-सैलावली तर काय करायचे, चालत्या गाडीत टोकनची कडी हातात कशी झेलायची, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा ती अधिक नेमके सांगतील. त्यांना वस्तूंपाशी आणावे, फोनवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, कोकणीत बोलले तर कोकणीतच राहू द्यावे. लोखंडाला आणखी दहा वर्षे थांबता येते. या माणसांच्या वयाकडे पाहता त्यांच्या आठवणींना तेवढी सवड नाही.

इथवरचे थोडक्यात असे: आधी कागद आणि छायाचित्रे, मग छप्पर आणि उंची, मग मीठ धुणे, मग जेवढा लागेल तेवढाच गंज काढणे, आणि रंग सर्वांत शेवटी व सर्वांत कमी. रंग लावायच्या वेळी जुना थर शाबूत असेल तिथे फक्त मेण, जिथे लोखंड उघडे आहे तेवढ्याच जागी झिंक फॉस्फेटचे प्राइमर आणि ताडून घेतलेल्या छटेचा साधा अल्किड रंग (नेहमीचा ऑइल पेंट), असे मी करेन. मूळ रंगावर नवा हात देणे टाळता येत नसेल तर मध्ये पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर द्यावा. तो अ‍ॅसिटोनने विरघळतो, त्यामुळे पुढे कोणाला वरचा रंग काढायचा झाला तर खालचा वाचतो. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होते त्यापेक्षा) किमान 3 अंश वर असल्याशिवाय रंग लावू नये. व्यवहारात याचा अर्थ नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवसांत, सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात आणि उन्हे कलण्याआधी शेवट, असा होतो. पंधरा दिवस पाऊस लांबला म्हणून मे महिन्यात हात मारून घेण्याचा मोह टाळावा.

तेव्हा येत्या रविवारी ताडपत्री काढून वस्तू धुवाव्यात, सुकवाव्यात, उघड्या लोखंडावर लॅनोलिनयुक्त (लोकरीतल्या मेणाच्या) तेलाचा पातळ हात द्यावा आणि शेडच्या कामाला लागावे. वर्कशॉपवाल्यांना दिवाळीनंतर खांबापुरते बोलू असे कळवावे, म्हणजे संबंधही टिकतील. मला पुढचे नेमके सांगता यावे यासाठी तीन गोष्टी पाठवा: लिव्हरच्या चौकटीवर उत्पादकाची ओतीव पाटी असल्यास तिचे तिरप्या उजेडातले छायाचित्र, सिग्नलचा कोणता भाग चुंबकाला चिकटतो आणि कोणता नाही याची यादी, आणि टोकन यंत्राच्या मागच्या बाजूच्या तारांचे झाकण न काढता टिपता येईल तेवढे चित्र. यंत्राला कुलूप असेल आणि किल्ली नसेल, तर ते फोडू नका. त्याची किल्ली बनवता येते, आणि ती कशी बनवायची ते छायाचित्र पाहिल्यावर मी इथेच लिहीन.